राज्यशास्त्राचें अध्यापन आणि नागपूर प्रांतांतील राजनीतीचीं साधनें

नागपुराहून पूर्वेस भंडाऱ्याकडे जाणाऱ्या सडकेवर, कन्हान नदीच्या कांठीं, मौदा हें गांव वसलेलें आहे. पूर्वीं रामटेक तहशिलींत मोडणारें हें गांव आज स्वतःच तालुक्याचें मुख्य ठिकाण आहे. धानाच्या बांध्या, जुने तलाव, पेंच प्रकल्पाचे कालवे आणि अलीकडे उभें राहिलेलें औष्णिक वीजकेंद्र, असा तेथील देखावा आहे. या तालुक्यांतील जो विद्यार्थी पदवीसाठीं राज्यशास्त्र हा विषय घेतो तो नागपूर विद्यापीठाचा विद्यार्थी होय. प्लेटो, ॲरिस्टॉटल, हॉब्ज, लॉक, रूसो यांचे विचार तो अभ्यासितो. भारताचें संविधान अभ्यासितो. कौटिल्याचें सप्तांग पाठ करितो. हें सर्व योग्यच आहे. परंतु ज्या भूमीवर त्याचें घर आहे त्या भूमीचें राज्य कसें चाललें, तेथील पाटलाचा अधिकार कोठें संपे व सरकारचा कोठें सुरू होई, रयतेनें तलावाचें पाणी व रानांतील सरपण कोणत्या हक्कानें घ्यावें, हें सांगणारा एकहि मूळ कागद बहुधा त्याच्या हातीं पडत नाहीं. तो कागद अस्तित्वांत नाहीं असें मात्र नव्हे. पुष्कळ वेळां तो त्याच्याच गांवांत एखाद्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर रुमालांत बांधलेला असतो.

राज्यशास्त्राच्या अध्यापनाचा आमच्या देशांतील इतिहास हा हस्तलिखितें सांपडण्याच्या आणि न सांपडण्याच्या इतिहासाशीं किती निगडित आहे, हें नागपूर प्रांताच्या उदाहरणानें दाखवावें असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. हस्तलिखितांचे संग्राहक आपला व्यवसाय इतिहासकारांच्या उपयोगाचा समजतात. राज्यशास्त्राच्या वर्गाशीं आपला संबंध आहे, ही कल्पना त्यांस क्वचितच शिवते. तशीच ती वर्ग चालविणाऱ्या अध्यापकांसहि क्वचित् शिवते.

नागपुरास उच्च शिक्षणाची सुरुवात हिस्लॉप कॉलेज (१८८३) व मॉरिस कॉलेज (१८८५) यांनीं झाली. हीं महाविद्यालयें प्रथम कलकत्ता विद्यापीठास व १९०४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर अलाहाबाद विद्यापीठास जोडलेलीं होतीं. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं नागपूर विद्यापीठ स्थापन झालें आणि सर बिपिन कृष्ण बोस हे त्याचे पहिले कुलगुरु झाले. त्या काळीं राज्यशास्त्रास स्वतंत्र बिऱ्हाड नव्हतें. कोठें तें इतिहासाच्या ओसरीवर, तर कोठें अर्थशास्त्राच्या पडवींत राही. कलकत्त्यास एम. ए. च्या परीक्षेंत अर्थशास्त्र व राजकीय तत्त्वज्ञान हीं एकाच विषयाच्या नांवाखालीं जोडलेलीं होतीं. मुंबई विद्यापीठाचा स्वतंत्र विभाग १९४८ सालीं निघाला, तोहि ‘नागरिकशास्त्र व राजकारण’ या जोडनांवानें. नांवाचा हा घोळ केवळ शाब्दिक नाहीं. विषय चांगला नागरिक घडविण्याचा आहे, राज्यकारभाराचें कौशल्य शिकविण्याचा आहे, कीं राज्यसंस्थेच्या स्वरूपाचा विचार करण्याचा आहे, याचा निर्णय झालेला नव्हता हें त्यावरून दिसतें. आमच्या पूर्वजांनीं त्यास दंडनीति म्हटलें आणि आन्वीक्षिकी, त्रयी व वार्ता यांच्या शेजारीं चौथी विद्या म्हणून बसविलें. म्हणजे निदान तिचें आसन तरी ठरलेलें होतें.

मग या वर्गांतून भारतीय राजनीति कां शिकविली जात नव्हती? याचें उत्तर सोपें आहे. शिकविण्याजोगा ग्रंथ अध्यापकांच्या हातीं नव्हता. मनु व याज्ञवल्क्य यांचे राजधर्म, महाभारताचें शांतिपर्व, कामंदकाचा नीतिसार व शुक्रनीति हीं परिचित होतीं. परंतु पाश्चात्त्य पंडित त्यांस धर्मशास्त्राचें उपांग समजत. अमेरिकेंतील डनिंग यांनीं राजकीय विचारांचा जो इतिहास १९०२ सालीं प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली, त्यांतून पौर्वात्यांस त्यांनीं याच सबबीवर वगळलें. आमच्या महाविद्यालयांतून अशाच धाटणीचे ग्रंथ वाचले जात. तंजावर प्रांतांतील एका पंडितानें म्हैसूरच्या सरकारी ग्रंथालयास ताडपत्रांची एक पोथी दिली, ती ग्रंथ लिपींत लिहिलेली होती. ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांनीं ती कौटिलीय अर्थशास्त्राची आहे हें ओळखिलें, १९०५ पासून तिचा परिचय करून दिला, १९०९ सालीं मूळ छापिलें आणि १९१५ सालीं इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें. पुढल्या दहा वर्षांत चित्र पालटलें. काशीप्रसाद जायसवाल यांचा हिंदु राज्यव्यवस्थेवरील ग्रंथ १९२४ सालीं बाहेर पडला. मराठींत हिवरगांवकर व करंदीकर यांनीं अर्थशास्त्राचें भाषांतर केलें. १९४६ सालीं म. म. पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा तिसरा खंड निघाला, त्यांत राजधर्माचा सविस्तर विचार आहे. १९४९ सालीं अ. स. आळतेकर यांचा प्राचीन भारतीय राज्य व शासन यांवरील ग्रंथ आला. एका पंडितानें एक पोथी आपल्या घरीं न ठेवितां ग्रंथालयास दिली, म्हणून विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत एक नवें प्रकरण उघडलें. पुढें रा. प. कंगले यांनीं मुंबई विद्यापीठातर्फे १९६० पासून अर्थशास्त्राची चिकित्सक आवृत्ति काढिली, तेव्हां त्यांस इतर पोथ्यांबरोबर पाटणच्या जैन भांडारांतील एका तुटक ताडपत्री प्रतीचाहि उपयोग झाला. तुटक प्रत म्हणून ती कोणी फेंकून दिली असती तर?

कौटिल्याचें सप्तांग म्हणजे स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड व मित्र. विद्यार्थी तें पुस्तकांतील वर्गीकरण म्हणून शिकतो. परंतु विदर्भाच्या भूमींतच तें एका राजशासनांत कोरलेलें आहे. एलिचपुराजवळील चम्मक येथें वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सांपडला. तो फ्लीट यांनीं १८८८ सालीं प्रसिद्ध केला व पुढें म. म. वा. वि. मिराशी यांनीं १९६३ च्या वाकाटक-लेखसंग्रहांत त्याचा पुन्हां परामर्श घेतला. मिराशी यांची बहुतेक सारी विद्यासेवा नागपुरांतच झाली, हें वाचकांस ठाऊक आहेच. या ताम्रपटानें मधुनदीच्या कांठचें चर्मांक नांवाचें गांव, राजमानानें आठ हजार भूमि मापाचें, एक हजार ब्राह्मणांस दिलें आहे. दानपत्रें अशीं पुष्कळ आहेत. या पत्रांत मात्र एक अट आहे, ती फार दुर्मिळ. दान घेणाऱ्यांनीं सप्तांग राज्याशीं द्रोह करूं नये, चोरी, व्यभिचार, राजाचें अनिष्ट इत्यादि दोषांत पडूं नये, युद्ध करूं नये, दुसऱ्या गांवांस अपाय करूं नये. तसें केल्यास दान परत घेणें राजास चोरी ठरणार नाहीं, असा आशय आहे.

राजसत्ता व दानप्राप्त हक्क यांच्या मर्यादेचा याहून सरळ पाठ कोणत्या पाठ्यपुस्तकांत मिळेल? दान म्हणजे निरपवाद मालकी, ही सामान्य समजूत येथें टिकत नाहीं. त्याच पत्रांत गांवास दिलेल्या सवलतीहि आहेत: सैनिक व अधिकारी यांनीं आंत शिरूं नये, चारा, कातडीं व कोळसा मागूं नये, वेठ घेऊं नये, इत्यादि. सरकार गांवाकडून काय काय मागत असे, याची ही उलट बाजूनें लिहिलेली यादीच होय. मौद्याच्या उत्तरेस रामटेकजवळ जें नगरधन आहे, तें म्हणजेच वाकाटकांची नंदिवर्धन राजधानी, असें विद्वान मानितात. मौद्याच्या विद्यार्थ्यास सप्तांग शिकविण्यास अथेन्सहून किंवा पाटलिपुत्राहून निघण्याची गरज नाहीं. नगरधनाहून निघालें तरी चालेल.

आतां मराठी काळाकडे वळूं. रामचंद्रपंत अमात्य बावडेकर यांचें आज्ञापत्र शके १६३७ च्या सुमाराचें, म्हणजे इ. स. १७१५-१६ चें आहे. शिवछत्रपतींपासून पांच राजवटी पाहिलेला, राजाराम महाराज जिंजीस असतां हुकमतपन्हा म्हणून सर्व राज्य सांभाळलेला हा वृद्ध मुत्सद्दी कोल्हापूरच्या संभाजी महाराजांसाठीं राजनीति लिहून ठेवितो. महाराजांचें वय त्या वेळीं सतरा-अठरा वर्षांचें. म्हणजे हा ग्रंथ मुळांतच अध्यापनाचा आहे. त्यांत राजाचीं कर्तव्यें, प्रधान, सावकार, वतनदार, वृत्ति व इनाम, दुर्ग आणि आरमार अशीं प्रकरणें आहेत. टोपीकरांविषयींचा इशारा प्रसिद्ध आहे: ते केवळ व्यापारी नव्हेत, त्यांच्यामागें त्यांचे राजे आहेत, त्यांस खाडीच्या मुखाशीं किंवा समुद्रकिनारीं जागा देऊं नये, द्यावयाचीच झाल्यास आंतल्या बाजूस द्यावी. आरमाराच्या लांकडासाठीं रयतेचे आंबे-फणस जबरीनें तोडूं नयेत, हा नियमहि त्यांत आहे. आणि कारण दिलें आहे तें असें कीं, झाडें लांकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात, तीं तोडिल्यास रयतेच्या दुःखास पार राहत नाहीं. वतनदारांविषयींचें प्रकरण तर राज्यशास्त्राच्या कोणत्याहि अध्यापकानें वर्गांत वाचावें असें आहे. वतनदार हा नांवाचा वतनदार, खरा राज्याचा दायाद; त्यास मोडूं नये व वाढूंहि देऊं नये, हा त्याचा मथितार्थ. मध्यवर्ती सत्ता व स्थानिक सत्ता यांच्या ताणाचें इतकें निर्मळ विवेचन मराठींत दुसरें नाहीं, असें आमचें मत आहे.

या ग्रंथाचें महाविद्यालयांतील नशीब मोठें चमत्कारिक आहे. मराठीच्या वर्गांत तो गद्याचा नमुना म्हणून वाचला गेला. नागपुरांत मराठीचें अध्यापन करणारे श्री. ना. बनहट्टी यांनीं त्याची अभ्यासपूर्ण आवृत्ति सुविचार प्रकाशन मंडळातर्फे काढिली. इतिहासाच्या वर्गांत तो साधन म्हणून वापरला गेला. राज्यशास्त्राच्या वर्गांत तो राज्यविचार म्हणून क्वचितच वाचला गेला. जो अपवाद झाला त्याचा नागपुराशीं संबंध आहे, म्हणून त्याचा थोडा विस्तार करणें अवश्य वाटतें.

श्रीकृष्ण व्यंकटेश पुणतांबेकर हे ऑक्सफर्डचे पदवीधर व बॅरिस्टर. काशीच्या हिंदु विद्यापीठांत ते इतिहास व राज्यशास्त्र शिकवीत. १९२६ सालीं हातसूत व हातमाग यांवर त्यांनीं वरदाचारी यांच्यासह लिहिलेला निबंध अखिल भारतीय चरखा संघानें प्रसिद्ध केला. १९२९ सालीं त्यांनीं आज्ञापत्राचें इंग्रजी भाषांतर भारतीय इतिहासाच्या एका संशोधनपत्रिकेंत छापिलें, आणि त्यास जें नांव दिलें त्यांत ‘राज्यनीतीचीं व राज्यरचनेचीं तत्त्वें’ असा अर्थ स्पष्ट ठेविला. हें नांव महत्त्वाचें आहे. बखर, पत्र किंवा कैफियत असें त्यांनीं त्यास म्हटलें नाहीं. तत्त्वांचा ग्रंथ म्हणून जगापुढें मांडिलें. पुढें ते नागपूर विद्यापीठांत राज्यशास्त्राचे प्राध्यापक होते. १९४७ सालीं युनेस्कोनें मानवी हक्कांच्या स्वरूपाविषयीं जगांतील विचारवंतांस प्रश्न पाठविले, तेव्हां ज्यांचीं उत्तरें १९४९ च्या संग्रहांत छापिलीं गेलीं त्यांत महात्मा गांधी, क्रोचे, मारितँ, आल्डस हक्सले यांच्या पंक्तीस पुणतांबेकरांचा हिंदु दृष्टीनें लिहिलेला लेख आहे. मनु व बुद्ध यांच्या उपदेशाचा आधार घेऊन त्यांनीं पांच सामाजिक स्वातंत्र्यें व पांच वैयक्तिक गुण अशी दहांची जोडी मांडली. हिंसेपासून, दारिद्र्यापासून, शोषणापासून, अप्रतिष्ठेपासून, अकाली मृत्यु व रोग यांपासून मुक्तता हीं स्वातंत्र्यें. आणि त्यांच्या शेजारीं असहिष्णुतेचा अभाव, सहानुभूति, ज्ञान, विचारस्वातंत्र्य व निर्भयता. हक्क एकटा उभा राहत नाहीं, त्याच्या जोडीस गुण लागतो, हा विचार ज्यानें अमात्यांचें राजकर्तव्याचें प्रकरण एकेक ओळ तोलून भाषांतरिलें त्याला सुचावा यांत आम्हांस नवल वाटत नाहीं. या दोन लिखाणांचा संबंध कोणी दाखविलेला आमच्या वाचनांत नाहीं. तो संबंध आम्ही येथें अनुमानानेंच जोडीत आहों.

याच सुमारास नागपुरांत दुसरी एक गोष्ट घडत होती. लोकप्रशासन हा राज्यशास्त्राचा पोटविषय. लखनौ विद्यापीठानें १९३० मध्यें एम. ए. स त्याची एक प्रश्नपत्रिका आवश्यक केली. मद्रासनें १९३७ मध्यें व अलाहाबादनें १९३८ मध्यें पदविका काढल्या. परंतु लोकप्रशासन व स्थानिक स्वराज्य यांचा स्वतंत्र, पूर्ण विभाग देशांत पहिल्यानें १९४९-५० सालीं नागपूर विद्यापीठांत निघाला, आणि डॉ. एम. पी. शर्मा यांच्याकडे त्याची धुरा आली. दिल्लीची लोकप्रशासन संस्था त्यानंतर, म्हणजे १९५४ सालीं स्थापन झाली.

नागपुरासच हा मान कां मिळाला? विद्यापीठाचा उत्साह हें एक कारण असेलच. पण प्रांतांत त्या वेळीं स्थानिक कारभाराचा एक मोठा प्रयोग चालू होता, याकडे दुर्लक्ष करतां येत नाहीं. मध्यप्रांत व वऱ्हाडच्या १९४८ च्या कायद्यानें जुनीं जिल्हा कौन्सिलें मोडून तहशिलीच्या प्रमाणावर जनपद सभा निर्माण केल्या. त्या वेळचे स्थानिक स्वराज्य मंत्री द्वारकाप्रसाद मिश्र हे या योजनेचे कर्ते. लोकनियुक्त सभा व सरकारी अधिकारी यांस एकाच संस्थेंत आणावें, तहशील हेंच कारभाराचें खरें केंद्र करावें, हा तिचा गाभा. मौदा तेव्हां रामटेक तहशिलींत असल्यानें तेथील लोकांचा संबंध रामटेकच्याच जनपदाशीं आला. वर्गांत स्थानिक स्वराज्य शिकविणाऱ्या अध्यापकांस प्रयोगशाळा अशी वेशीबाहेरच लाभली होती.

‘जनपद’ या शब्दाचा प्रवासहि पाहण्याजोगा आहे. कौटिल्याचें जनपद म्हणजे माणसांनीं वसविलेली भूमि. शंभरापासून पांचशें कुळांचें गांव, त्याची क्रोश-दोन क्रोशांची सीमा, पांच-दहा गांवांचा हिशेब ठेवणारा गोप, हें सर्व त्याच्या दुसऱ्या अधिकरणांत आहे. जायसवालांनीं ‘पौर-जानपद’ या जोडशब्दांतून राजावर अंकुश ठेवणारी प्रतिनिधिसभा काढिली. आळतेकरांनीं आधार तपासून तें मत नाकारलें, आणि पुराव्याच्या दृष्टीनें त्यांचीच बाजू आम्हांस बळकट वाटते. पण विद्वानांचा वाद एकीकडे राहिला आणि ‘जनपद सभा’ हें नांव कायद्याच्या पुस्तकांत गेलें. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यांत आला, १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र झालें, आणि १९६१ च्या जिल्हा परिषद व पंचायत समिति कायद्याची अंमलबजावणी १ मे १९६२ पासून झाल्यावर जनपद सभांचा शेवट झाला. चौदा वर्षांचा हा संसार. राज्यशास्त्राच्या वर्गांत पंचायत राज्याचा इतिहास बलवंतराय मेहता समिति व वसंतराव नाईक समिति यांपासून सांगण्याची चाल आहे. जनपदाचें नांव एका वाक्यांत उरकलें जातें. तालुका हें कारभाराचें केंद्र व्हावें, हा विचार मात्र मौद्याच्या परिसरांत पंचायत समितीच्या आधींच राबविला गेला होता.

शब्दांची गोष्ट निघालीच आहे, म्हणून परिभाषेविषयीं थोडें. राज्यशास्त्र मराठींत शिकवावयाचें तर शब्द हवेत. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें राज्यव्यवहारकोश झाला; दहा वर्गांत फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द योजिले. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या प्रेरणेनें १९३१ सालीं श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु निघाला. डॉ. रघुवीर १९४६ च्या सुमारास नागपुरास आले व तेथून १९५५ सालीं त्यांचा प्रशासन व शिक्षण यांच्या शब्दांचा मोठा कोश बाहेर पडला. महाराष्ट्र शासनाचा पदनाम कोश १९६२ चा. विनोदकारांनीं त्याचा ‘बदनाम कोश’ केला तरी त्यांतले कित्येक शब्द आज कचेरीच्या पाट्यांवर सुखानें नांदत आहेत. कोश तयार करणारे बहुतेक सारे नवा शब्द घडविण्याकडे वळले. जुन्या दप्तरांत रुळलेले शब्द वेंचावे, ते पारखावे, ही दृष्टि कमी दिसते.

उदाहरणार्थ ‘निस्तार’. गांवकऱ्यांनीं आपल्या गरजेपुरतें सरपण, गवत, लांकूड, माती, पाणी घेण्याचा जो हक्क, त्यास नागपूर-भंडारा भागांत निस्तार म्हणतात. कोशांत यास नेमका प्रतिशब्द नाहीं व असण्याचें कारणहि नाहीं, कारण शब्द स्वतःच पुरेसा आहे. येथें मौद्याच्या कागदांकडे आम्ही येतों.

नागपूरकर भोसल्यांच्या राज्यांतील गांवकारभाराचें विश्वसनीय वर्णन रिचर्ड जेंकिन्स यांच्या १८२७ च्या अहवालांत आहे. तिसरे रघूजी अल्पवयी असतां १८१८ पासून १८२६ पर्यंत जेंकिन्स यांनींच कारभार चालविला. पाटील, पांड्या व इतर गांवकामगार यांचीं कामें त्यांनीं नोंदविलीं आहेत. देशावरच्या वाचकानें येथें एक सावधगिरी बाळगावी. कुळकर्णी-देशपांडे यांचीं वतनें देशावर जशीं पिढीजात घट्ट होतीं तशी स्थिति नागपूर मुलखांत सर्वत्र नव्हती. पाटील हा पुष्कळ ठिकाणीं सरकारच्या पट्ट्यानें सारा भरण्याची हमी घेणारा मनुष्य होता. अमात्यांचें वतनदारांचें प्रकरण त्यास जसेंच्या तसें लावतां येणार नाहीं. १८५३ सालीं रघूजी वारले, १८५४ सालीं राज्य खालसा झालें, १८६१ सालीं मध्यप्रांत बनला. आणि त्यानंतरच्या बंदोबस्तांत इंग्रजांनीं याच पाटलांस गांवाची मालकी देऊन मालगुजार केलें. हक्क नसलेल्यास हक्क देऊन मग त्यास मर्यादा घालावयाच्या, असा हा उफराटा प्रकार झाला. त्या मर्यादा ज्या कागदांत लिहिल्या त्याचें नांव वाजिब-उल-अर्ज.

गांवची पड जमीन कोणाची, गुरें कोठें चारावीं, तलावाचें पाणी कोणत्या क्रमानें सोडावें, घरासाठीं लांकूड कोण देई, गांवकामगारांचें मोल काय, या वहिवाटी बंदोबस्ताच्या वेळीं गांवागांवांत विचारून त्यांत लिहिल्या गेल्या. एका गांवापुरतें तें लहानसें संविधानच होय, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. १९५० च्या कायद्यानें ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी गेली. वहिवाटी मात्र गेल्या नाहींत. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेंत निस्तार पत्रक व वाजिब-उल-अर्ज यांविषयींचें प्रकरण आहे आणि तें केवळ विदर्भास लागू आहे. चम्मकच्या ताम्रपटांत चारा, कोळसा व वेठ यांची जी यादी पाहिली, तिच्या शेजारीं हें निस्तार पत्रक ठेवून वाचावें. पहिल्यांत सरकारनें काय घेऊं नये तें आहे; दुसऱ्यांत गांवानें काय घ्यावें तें आहे. मधल्या पंधराशें वर्षांत विदर्भाच्या गांवाचा राज्यसत्तेशीं व्यवहार याच वस्तूंच्या भोंवतीं फिरत राहिला आहे. हक्क म्हणजे काय, सार्वभौमत्व म्हणजे काय, रूढीस कायद्याचें बळ कोठून येतें, हे राज्यशास्त्रांतील मूळ प्रश्न या दोन कागदांवरून वर्गांत चांगले मांडतां येतील.

परंतु कागद टिकले पाहिजेत. मालगुजारी संपल्यावर मालगुजारांच्या घरच्या दप्तरांस कचेरींत किंमत उरली नाहीं, आणि ज्यास कचेरींत किंमत नाहीं त्यास घरांतहि फार दिवस जागा मिळत नाहीं. वाडे पडले, वांटण्या झाल्या, रुमाल भिजले. जुने कागद पुष्कळसे मोडींत; मोडी वाचणारा अध्यापक इतिहासाच्या विभागांतहि विरळा, मग राज्यशास्त्राच्या विभागांत कोठून असणार? यवतमाळच्या शारदाश्रमानें व नागपूरच्या विदर्भ संशोधन मंडळानें पोथ्या व लेख जमविण्याचें मोठें काम केलें. पण संग्राहकांची नजर काव्य, महानुभाव ग्रंथ, सनदा व राजघराण्यांचीं पत्रें यांवर अधिक खिळलेली असते, हें स्पष्ट बोललें पाहिजे. तलावाच्या पाळीचा ठराव किंवा चराईचा तंटा यांत त्यांस रस वाटत नाहीं. तंजावरच्या पोथीवर कौटिल्याचें नांव तरी होतें. गांवच्या कागदावर कोणाचेंच नांव नसतें.

यास्तव मौदा, रामटेक, कुही, भंडारा या टापूंतील ज्या घरांत जुनीं दप्तरें असतील त्यांपुढें आमची मागणी मर्यादित आहे. बंदोबस्ताच्या वेळच्या वाजिब-उल-अर्जाच्या नकला, पट्टे व कबुलायती, तलाव व पाटाच्या पाण्याचे करारमदार, पंचांचे निवाडे, जनपद सभेच्या १९४८ ते १९६२ या काळांतील बैठकींचीं टिपणें व मतदारयाद्या, एवढ्या प्रकारचे कागद प्रथम वेगळे काढावे. मूळ कागद मालकाच्या घरींच राहूं द्यावा. त्याची छायाप्रत घ्यावी, मोडी असल्यास बाळबोधींत उतरून काढावा, गांव, परगणा व साल माथ्यावर लिहावें, आणि एक प्रत संशोधन मंडळाच्या दप्तरीं व एक जवळच्या महाविद्यालयाच्या राज्यशास्त्र विभागांत द्यावी.